पाण्याकडे तोंड केलेली खुर्ची

पोरांनो, खुशाल जा पोहायला, मी कुठे अडवतोय? एवढं ओरेस्तेचं ऐका, मग कपडे काढा. त्याच्या खाणावळीत मी रोज कॉफी पितो. माणूस थापाड्या नाही.

त्याचा धाकटा भाऊ तुल्यो याच किनाऱ्यावरून पोहायला गेला, तो गेलाच. देहसुद्धा सापडला नाही. तेव्हापासून दर सणाला त्यांची आई एर्सिल्या तळ्याकाठच्या शेवटच्या टेबलावर त्याचं ताट मांडते. खुर्ची पाण्याकडे तोंड करून. ताटाशेजारी पाव. तुल्यो होता तेव्हा म्हातारीला चिडवायला मुद्दाम पाव पालथा घालायचा. "घरात अवदसा आणतोस मेल्या," म्हणत ती सरळ करायची.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, किनाऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ओरेस्तेनं ते टेबल मिलानच्या एका जोडप्याला दिलं.

"त्याची जागा दिलीस?" आईनं विचारलं.

"सणाचे चार दिवस तर धंदा होतो, आई. मेलेला माणूस मासे मागतो होय?"

ती ताट घेऊन आत गेली.

फटाके संपले, गिऱ्हाइकं पांगली. वारा सुटला म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास ओरेस्ते खुर्च्या आत घ्यायला खाली उतरला. एकेक घडी घालत गेला. शेवटच्या टेबलाची खुर्ची जागेवर नव्हती.

ती पाण्यात होती. तोंड अंधाराकडे. तिच्यावर त्याची पोरगी नेल्ला बसलेली, सात वर्षांची, झोपायच्या झग्यात.

"नेल्ला..."

तिनं वळून पाहिलं नाही. उठली. पुढे निघाली. पाणी गुडघ्याला लागलं. मग कमरेला.

"कुठे चाललीस, बाळ?"

"काकाकडे. तो म्हणतो, तुमच्याकडे मला बसायला जागा नाही, तर तूच ये माझ्याकडे जेवायला."

ओरेस्ते धावला. पायाखालचे गोटे सरकत होते. पोर गळ्यापर्यंत बुडाली. समोर कोणी नव्हतं. पण तिचा एक हात पाण्यावर होता... कुणीतरी धरल्यासारखा.

ओरेस्ते अंधाराकडे बघून ओरडला.

"तुल्यो... चुकलो रे. जागा तुझीच आहे. ये, जेवायला ये. तिला सोड..."

वारा पडला. पाणी थांबलं...

हात खाली आला.

पोरीला छातीशी कवटाळून तो घरी आला. आईनं पोरीला कोरडं केलं. ताट घेतलं, उरलेला मासा वाढला, पाव ठेवला. सरळच ठेवला, ओरेस्तेनं डोळ्यांनी पाहिलंय. खुर्ची त्यानंच पाण्यातून आणून शेवटच्या टेबलाशी मांडली. मग दाराला कडी. नेल्ला रात्रभर बाप आणि आजीच्या मधे झोपली.

सकाळी बघतात तर ताट जसंच्या तसं. इथली मांजरं कशी आहेत माहीत आहे ना? त्यांनीही माशाला तोंड लावलं नव्हतं.

पाव तेवढा पालथा होता.

म्हातारीनं सवयीनं तो सरळ करायला हात पुढे केला. अर्ध्यावरच थांबली.

"राहू दे," म्हणाली.