रिझर्व्हचा कॉक

जरा जवळ सरकून बसा. दिवे येतील तेव्हा येतील. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसायचं नाही, कारण ज्या मिस्त्रीवर हे गुदरलं तो अजून आहे, आणि त्याच्या बायकोच्या हातचा चहा तुमच्यातल्या निम्म्यांनी प्यायलेला आहे.

गोष्ट सुरू होते तिच्या व्रतापासून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिस्त्री एका गाडीची चाचणी घ्यायला गेला तो रात्रभर परतलाच नाही. तिने देवापुढे बसून शब्द दिला, हे सुखरूप येऊ देत, मग माझ्या दारातून जो कुणी गाडीवर बसून जाईल, तो पोचल्याचं कळेपर्यंत मी घास घेणार नाही. सकाळी मिस्त्री आला. लंगडत, पण हसत. देवाने त्याचं काम केलं होतं. तिने आपलं चालू ठेवलं.

गॅरेज घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे दारातून जाणारे काही थोडे नव्हते. गिऱ्हाइकांना सवयच लागली. घरी गेलं की आधी फोन, मग चपला काढायच्या. "काकू, पोचलो. जेवा आता." एखादा वात्रट कोपऱ्यावरूनच करायचा. "पोचलास होय?" ती म्हणायची. "मग मागे बसचा हॉर्न कसा वाजतोय? गुमान घरी जा, तिथून कर."

एकाचाच फोन आला नव्हता.

त्याच्याकडे जुनी इटालियन मोटरसायकल होती. मिस्त्री तिला पाहुणी म्हणायचा. मानपान सांभाळला तर ठीक, नाहीतर रुसून बसणार. संध्याकाळी गॅरेजमधून निघालेला तो मुलगा गावाबाहेरच्या पुलावर अडकला. गाडी बंद पडली. तो अंधारात डाव्या बाजूला वाकून काहीतरी चाचपत होता आणि मागून बिनदिव्याचा ट्रक आला. गाडीला फक्त एक ओरखडा. बाकी… असो. त्या रात्री मिस्त्रीची बायको ताट झाकून बसून राहिली होती.

गाडी त्याच्या आईने घरामागच्या शेडमध्ये ठेवली, वर चादर टाकली. वर्षं गेली. चादरीवर धूळ, धुळीवर आणखी धूळ.

मग एक दिवस त्याची बहीण गॅरेजमध्ये आली. शाळेत शिकवणारी, बोलणं नेमकं. उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, आईचं आता फार राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणतात दिवस मोजा. पण तिचा जीव अडकलाय. म्हणते, त्याची गाडी आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही. रात्र रात्र फाटकाकडे बघत बसते."

मिस्त्रीने मान खाजवली. "अगं, इतकी वर्षं उभी असलेली गाडी. आतलं पेट्रोल सडून डिंक झालं असेल. आवाजच हवा तर दुसरी एखादी—"

"दुसरीचा आवाज आईला कळेल," बहीण म्हणाली.

आतल्या दारातून बायको बोलली, "अहो, घेऊन या ना गाडी. कशाला आढेवेढे घेता?"

टेम्पोतून पाहुणी आली. मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. तळाशी गंजाचा चिखल. रबरी नळ्या हात लावताच तुटल्या. कार्बोरेटरची वाटी उघडली तर आत काकवीसारखा तपकिरी थर. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक पार बुजलेलं. त्याने टाकीत मूठभर नट टाकून ती बाळाच्या खुळखुळ्यासारखी हलवली, धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा धुतली. जेट तांब्याच्या एका तारेने मोकळं केलं, उजेडाकडे धरून पाहिलं.

"काय दिसतंय?" बायको विचारायची.

"तुझा देव दिसतोय. बारीक आहे, पण आहे."

"चेष्टा करा. दिव्यात तेल घालतेय मी, गाडीत पेट्रोल तुम्ही घाला."

एका गोष्टीवर मात्र त्याचा हात थबकला. या गाडीच्या टाकीला खाली पेट्रोल सोडायचे दोन कॉक. उजवा रोजचा; त्याची आतली नळी उंच, म्हणून पेट्रोल कमी झालं की तो कोरडा पडतो. डावा रिझर्व्हचा, तळाशी उरलेलं पेट्रोल तो देतो. उजवा पूर्ण उघडा होता. डावा अर्ध्यावर अडकलेला. कुणी उघडता उघडता थांबावं तसा.

मिस्त्रीने तो तेल सोडून सैल केला आणि बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. दिवेलागणीला गाडीने पहिल्यांदा आवाज काढला. आधी खोकली, मग जडशीळ ठेक्यात धडधडू लागली. मिस्त्रीने समाधानाने इंजिन थांबवलं, दोन्ही कॉक बंद केले आणि हात धुवायला उठला. तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती.

"काका, आई… डॉक्टर म्हणाले रात्र निघणार नाही. टेम्पो मिळेल का?"

"टेम्पो कशाला? मीच आणतो चालवत."

बायकोने दारात येऊन त्याच्याकडे पाहिलं. "पुलावरून जाणार?"

"दुसरा रस्ता कुठाय?"

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली. "मी ताट वाढून बसते."

टाकीत चाचणीपुरतं, तळ झाकेल इतकंच पेट्रोल होतं. म्हातारीचं घर पुलापलीकडे लगेच, तेवढं पुरेल, हा हिशेब बरोबर होता. पण घाईत मिस्त्रीने सवयीचा हात घातला आणि उजवाच कॉक उघडला. दिवसाकाठी वीस गाड्या हाताखालून काढणारा माणूस, हात आपोआप उजव्याकडेच जातो. कार्बोरेटरच्या वाटीत आधीच भरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू झाली, आणि त्याला काही कळलं नाही.

गाव संपलं. शेवटचा दिवा मागे पडला. हवेत गारवा होता. पाहुणी छान चालली होती, मिस्त्री मनात म्हणत होता, म्हातारे, थांब, आणतोय तुझ्या लेकाची गाडी.

पूल लागला.

मधोमध इंजिन एकदा अडखळलं. परत उचललं. परत अडखळलं.

आणि गप्प.

दिवा मंद होत विझला. खालून पाण्याचा आवाज. बाकी काही नाही.

मिस्त्रीला चूक तत्क्षणी उमगली. रिझर्व्ह. डावा कॉक. नुसता फिरवायचा. गाडीवरून उतरायचं, डाव्या बाजूला वाकायचं…

तो उतरला नाही.

मागे खूप लांब एक घरघर ऐकू येत होती. ट्रकची. दिवे दिसत नव्हते.

बसल्या जागेवरूनच त्याने डावा हात टाकीखाली घातला. चाचपलं. कॉक लागेना. आणखी खाली…

बोटांना बोटं लागली.

गार. ओली. पेट्रोलने ओली.

मिस्त्रीने हात काढला नाही. काढता आला नाही. ती बोटं कॉकवर होती. हळूच फिरली. कॉक हलल्याची बारीक किरकिर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली. मग बोटं सुटली.

मागची सीट किंचित दबली. कुणी बसल्यावर दबते तशी.

घरघर जवळ येत होती.

मिस्त्रीने मान ताठ धरली. मागे पाहिलं नाही. दातखीळ बसलेल्या माणसाने किक मारावी तशी किक मारली. एकदा… दुसऱ्यांदा…

इंजिन धडधडलं. दिवा लागला. तो पुलाच्या टोकापर्यंत पोचला आणि ट्रक मागून वाऱ्यासारखा निघून गेला, दिव्याविना. गाडी चढावर जड चालत होती. दोघांना घेऊन चालते तेवढी.

घराचं फाटक सताड उघडं. मिस्त्रीने गाडी अंगणात नेली, इंजिन चालूच ठेवलं. ॲक्सिलरेटर एकदा पिळला. त्याला वाटलं, मागची सीट वर आली. तो खाली उतरला नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून बसून राहिला.

आतून म्हातारीचा आवाज आला. क्षीण, पण रागावलेला. आया रागावतात तसा.

"किती उशीर रे… ये. इकडे ये. हात गार पडलेत तुझे."

मग नुसता इंजिनचा ठेका.

बहीण बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले होते, चेहरा मात्र निवांत. "काका, ऐकला आवाज तिने. हसली. गेली." मिस्त्रीने इंजिन बंद केलं. तिने त्याला पाणी दिलं, आत नेलं, खुर्चीत बसवलं. त्याने तिथूनच बायकोला फोन केला. एवढंच म्हणाला, "पोचलो. जेव तू."

मग बहीण आईचे हात पुसायला बसली, आणि पुसता पुसता थांबली. तिने मिस्त्रीला जवळ बोलावलं.

त्या सुरकुतलेल्या उजव्या हातावर, मागच्या बाजूला, काळ्या तेलकट बोटांचे ठसे होते. पाचही. घट्ट धरल्यासारखे. खोलीत पेट्रोलचा वास येत होता.

"तुम्ही आत आला होतात का, काका?"

मिस्त्रीने मान हलवली. नाही.

तिने ते ठसे पुसले नाहीत. आईबरोबर तसेच जाऊ दिले.

…

आले दिवे. चला, उठा आता, आपापल्या गाड्या काढा. घाबरायचं काही नाही; वाट पाहणारं माणूस असलं की वाट सापडतेच. फक्त एक करा. पोचलात की घरून एक फोन टाका. आणि तुमच्या दारातून कुणी निघालं, तर तो पोचल्याचं कळेपर्यंत तुम्हीही आपलं ताट झाकून ठेवा.