काठीला हात लावायचा नाही

"ओ पिवळ्या कोटवाले, आंघोळीला दुसरा डोह मिळाला नाही का?"

ओरडायला नको होतं, हे न्याविराला ओरडून झाल्यावर कळलं. मथिओया नदीत ट्राउट माशाच्या जवळ जायचं तर गुडघ्यांवर रांगावं लागतं, सावली मागे ठेवावी लागते, श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. ती तशीच रांगत आली होती. झुकलेल्या झाडाखाली एक चांगला मासा मधूनमधून वर येऊन पाण्याला ओठ लावत होता. आणि नेमका तेव्हाच हा उंच माणूस, लांबूनही डोळ्यांत भरेल असा रेनकोट घालून, डोहाच्या मधोमध उतरला होता.

"पाण्याचं तापमान बघतोय," हातातली काचेची नळी उंचावत तो म्हणाला. "मत्स्यबीज केंद्रात नवीन आलोय. तेरा अंश. माशांना एकदम छान!"

"मासे होते तेव्हा होतं छान."

त्याने आजूबाजूच्या पाण्याकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांवरच्या चिखलाकडे, मग हातातल्या गळाच्या काठीकडे. "अरे… माफ करा. तुम्ही धरत होतात?" आणि तो हसला. त्याचा पुढचा एक दात किंचित तिरका होता. आपण हे पाहिलं, याचा न्याविराला आणखी राग आला.

त्याचं नाव ओदेरा. पश्चिमेकडच्या मोठ्या सरोवराच्या काठचा, लुओ जमातीचा. बाप, काका, चुलतभाऊ, सगळे पहाटे जाळी ओढणारे. न्याविराच्या काठीच्या टोकाला अडकवलेली खोटी माशी त्याने बोटावर घेऊन पाहिली. बारीक गळ, त्यावर गुंडाळलेला दोरा, वर कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस.

"आणि एवढ्याशा पिसाला फसून एक मासा येतो. एकच?"

"एकच."

"मग शिजवता."

"नाही, आम्ही सोडून देतो. वरच्या पाण्यात तसा नियम आहे."

"आमच्याकडे कुणी असं केलं ना, तर मुलीचा बाप लग्न मोडेल. म्हणेल, मुलगा डोक्याने बरा नाही."

"आमच्याकडे मुलगी मासे धरते कळलं तर मुलाची आई मोडते," न्याविरा म्हणाली. "माझी आई स्वतःच म्हणते, मासा म्हणजे पाण्यातला साप. चला, निघा आता. आणि तो कोट काढा. आंधळ्या माशालाही दिसेल."

न्याविरा चहाच्या मळ्यांच्या टेकडीवर एका शेडमध्ये माश्या बांधायचं काम करत होती. शेडमधल्या बायका दिवसभर पिसं आणि दोरे गळांवर गुंडाळत. त्या माश्या डब्यांत भरून परदेशी जात. अशाच माश्यांनी जिच्यात मासे धरतात ती नदी पायाखाली शंभर पावलांवर वाहते, याचं त्यांच्यातल्या कुणाला काही नव्हतं. न्याविराला होतं. तिला नदीवर गाइड व्हायचं होतं. गावाच्या नदी मंडळाचे सगळे गाइड पुरुष होते. त्यांचा प्रमुख म्हातारा इरुंगू. सगळे त्याला गुका, म्हणजे आजोबा, म्हणत. तिने विचारलं की तो दर वर्षी आभाळाकडे बघायचा आणि पावसावर बोलायचा. या वर्षी मात्र गाइडची एक जागा रिकामी झाली आणि न्याविरा त्याच्या दारातून हललीच नाही.

"बरं बाई," शेवटी इरुंगू म्हणाला. "परीक्षा दे. ज्याने जन्मात अशी काठी धरली नाही असा एक पाहुणा घे. त्याला शिकव. मग माझ्यासमोर त्याने ट्राउट धरून दाखवायचा. तू सांग, ओरड, हवं तर रड. पण काठीला हात लावायचा नाही. बोट लागलं की परीक्षा संपली."

"पाहुणा कोण?"

म्हाताऱ्याने चहाच्या टपरीकडे हनुवटी केली. तिथे पिवळा रेनकोट उकडलेली अळकुडी सोलत बसला होता.

"तो? गुका, तो जाळेवाला आहे!"

"म्हणून तर. आणि मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत. एकदा नदी गाळाने लाल झाली की मी जागा भरून टाकणार. दुसरे दोघे रांगेत आहेत."

*

ओदेरा रोज काम संपलं की येऊ लागला. पिवळा कोट घरी ठेवून, कुणाचातरी मळकट हिरवा स्वेटर घालून. स्वेटरच्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच येत.

"मनगट मोडू नकोस. काठी कानापर्यंत न्यायची आणि थांबायचं. दोरी मागे सरळ झाली की मग पुढे."

"मागे सरळ झाली हे कळणार कसं, मास्तरीणबाई? मला मागे डोळे नाहीत."

"वाट बघायची. बघता येते ना वाट?"

"येते," तो म्हणाला, आणि काठी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. दोरी मागच्या काटेरी झुडपात जाऊन बसली.

शेडमध्ये शेजारी बसणारी वाचुका रोज सकाळी चौकशी करायची. "काय गं, काल पाहुण्याने काय धरलं?"

"झाड."

"आणि परवा?"

"माझी टोपी."

"छान चाललंय की! उद्या हात धरेल."

"हात धरला तर परीक्षेत नापास होईल," न्याविरा म्हणाली, आणि सगळ्या शेडभर हसू फुटलं. तिने मान खाली घालून दोरा गुंडाळला. बांधून झालेल्या माशीला पीस लावायचं राहून गेलं होतं.

तसा तो मंद नव्हता. पाण्यातले दगड उलटून खालच्या अळ्या तो तिला दाखवायचा. कुठली आज अंग पालटणार, कुठली उद्या, हे सांगायचा. ते ऐकताना दोघांची डोकी जवळ यायची आणि न्याविराला त्याच्या स्वेटरचा लाकडाच्या धुराचा वास यायचा. मग ती उगीच उठून दुसरा दगड शोधायची. पण मासा गळाला लागला की दर वेळी ओदेराचं काहीतरी चुके. दोरी ढिली पडे, मासा झटका देऊन निघून जाई, आणि तो म्हणे, "अरेरे… उद्या पुन्हा?"

डोंगरावर ढग उतरू लागले होते. चहा तोडणाऱ्या बायका संध्याकाळी लवकर परतू लागल्या होत्या. आणि अशाच एका संध्याकाळी मळ्यातून घरी जाताना न्याविराने उंच वाटेवरून खाली पाहिलं.

ओदेरा एकटाच डोहाशी होता. काठी कानापर्यंत गेली, थांबली, पुढे आली. माशी पाण्यावर फुंकर घातल्यासारखी टेकली. मासा लागला. त्याने काठी उंच धरली, माशाला पळू दिलं, थकू दिलं, हळूहळू जवळ घेतलं, पाण्यातच गळ काढला आणि सोडून दिला. एकही चूक नाही!

न्याविरा वाटेवर कितीतरी वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर त्याने पुन्हा दोरी ढिली सोडली. "अरेरे—"

"काल संध्याकाळी एक धरलास तू," ती म्हणाली.

तो थिजला. "…दोन."

"दोन!"

"तू गेल्यावर आणखी एक."

"मग माझ्यासमोर हे काय नाटक लावलंय?"

ओदेराने काठी खाली ठेवली. "परीक्षा झाली की तू गाइड होशील. तुला खरे पाहुणे मिळतील. मग मला कोण रोज बोलावणार? मला वाटलं, अजून एक आठवडा… फक्त एक."

"त्या आठवड्यात पाऊस आला असता तर?"

त्याने नजर पाण्याकडे वळवली.

"मी तीन वर्षं त्या म्हाताऱ्याच्या दारात उभी राहिले, ओदेरा. आणि तू माझी जागा अडवून माझ्यासोबत दगड उलटत बसलास. तुला मी आवडत असेन तर मला विचारायचं होतंस. माझं काम पाडायचं नव्हतंस."

"विचारतो की. आत्ता वि—"

"आता नाही! आता तोंडातून माशांशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. परवा परीक्षा. मी आजच गुकाला सांगून येते."

"न्याविरा…"

"हा मासा आहे का?"

त्याने मान खाली घातली.

*

परीक्षेच्या सकाळी डोंगर दिसतच नव्हता. इरुंगू एका सपाट दगडावर छत्री उघडून बसला होता. खाली अजून पाऊस नव्हता, पण वर कुठेतरी तो पडत असल्याचं पाण्याच्या आवाजावरून कळत होतं.

"नदी दुपारपर्यंत टिकेल," म्हातारा म्हणाला. "फार तर."

पहिल्या डोहात मासा लागला. मोठा. इतका मोठा की इरुंगूसुद्धा छत्री बाजूला करून उठला. काठीवरची दोरीची चक्री किंचाळली आणि मासा सरळ खालच्या खळाळाकडे धावला.

"काठी वर! जाऊ दे त्याला, जाऊ दे—"

आणि ओदेराने काठी काखेत दाबली, दोरी दोन्ही हातांनी पकडली आणि मागे रेलून, पाय रोवून, वावभर ओढली. त्याचा बाप ओढतो तशी. सगळं सरोवर ओढतं तशी. दोरी ताणली गेली आणि तुटली.

ओदेराचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मुद्दाम नाही," तो कसाबसा म्हणाला. "शपथ. हात आपोआप… मोठा होता, आणि हातांनी… आई शपथ, न्याविरा, मुद्दाम नाही."

तिने त्याचा तळवा उलटा करून पाहिला. दोरीने आडवा कापला होता.

"दिसतंय," ती म्हणाली. "मुद्दाम करतोस तेव्हा फार सफाईने करतोस. चल."

"म्हणजे? संपलं नाही?"

"पाणी अजून पारदर्शक आहे. मी परीक्षेत आहे. चल म्हणते ना!"

ते वर सरकले. एक डोह, दुसरा, तिसरा. काही नाही. नदीच्या मध्यातून आता एक तांबूस धागा वाहत येत होता, आणि हळूहळू रुंद होत होता. न्याविराची जागा बुडवायला एवढा धागा पुरे. न्याविराने डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. ओदेरा वाकून काठाजवळचे दगड उलटत होता.

"माशांबद्दल बोलू का?" त्याने हळूच विचारलं.

"बोल."

"अळ्या मध्यातून निघून काठाला आल्यात. बघ, केवढ्या. पाणी चढणार हे त्यांना आधीच कळतं. त्या इथे आल्या तर खाणारेही इथेच येतील. गुडघाभर पाण्यात."

तिने पाहिलं. ती नेहमी डोहाच्या पोटाकडे बघायची. पायाशी बघायची गरजच कधी पडली नव्हती. तिने डब्यातली सगळ्यात काळी, सगळ्यात गुबगुबीत माशी काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. दोरीला बांध म्हणाली, कारण तिचं बोट लागलं असतं तर परीक्षा संपली असती. रक्ताळल्या बोटांनी त्याने तीनदा प्रयत्न केला. तिने स्वतःचे हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"गुडघ्यांवर बस. लांब फेकायचं नाही. त्या गवताच्या कडेला… हं. तसंच. आता वाट बघ."

"बघतोय."

गवताजवळचं पाणी किंचित फुगलं.

"आता!"

काठी वाकली. मासा उसळला, त्याच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा एकदा चमकला आणि तो तांबड्या धाग्याकडे वळला. ओदेराचा मोकळा हात दोरीकडे निघाला.

"ओदेरा, हात मागे! ओढू नकोस. पळू दे त्याला. घाबरू नकोस, पळू दे… तो दमेल, तू दमायचं नाहीस. काठी वर. आणखी वर. मी इथेच आहे."

तिची नखं तिच्याच तळव्यात रुतली होती. तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर ती काठी थरथरत होती आणि तिने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फक्त त्याच्या हातांकडे बघत होती. दोरी आली, गेली, पुन्हा आली. मग मासा कुशीवर आडवा झाला आणि ओदेराने त्याच्याखाली छोटी हातजाळी सरकवली.

फार मोठा नव्हता. हातभर म्हणायलाही थोडा कमीच. पण ट्राउट होता, जिवंत होता, आणि पाण्यातच ओदेराने बोटं सैल केली तेव्हा तो क्षणभर त्यांच्या दोघांमध्ये थांबून मग निघून गेला.

इरुंगू धापा टाकत आला. "काठीला हात?"

"नाही लावला, गुका."

"मी बघत होतो. मला ठाऊक आहे." तो ओदेराकडे वळला. "पाहुणेबुवा, मंडळाचा शेवटचा प्रश्न. या गाइडबरोबर पुन्हा नदीवर याल?"

ओदेरा गुडघ्यांवरच होता. "येईन. नदीवर येईन, नदी नसेल तिथे येईन, भर पावसात येईन, ती रागावली असेल तरी येईन—"

"हो की नाही एवढंच विचारलंय, पोरा."

"हो."

"झालं तर. जागा तिची." म्हाताऱ्याने छत्री मिटली आणि वाटेला लागता लागता, कुणाकडेही न बघता म्हणाला, "आमच्या वेळी असं काही नव्हतं."

दोघांची घरं पलीकडच्या काठावर होती आणि पाणी चढत होतं. न्याविरा प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभी राहिली, म्हणजे जोर आधी तिच्यावर येईल. तिने त्याच्या हातात हात अडकवला. एक पाऊल तिचं, एक त्याचं. मध्यावर लाल पाणी मांड्यांना भिडलं.

"हा हात गाइड म्हणून धरलायस," ओदेराने विचारलं, "की…"

"पाय रोव. बोलणं काठावर."

काठावर पोहोचल्यावर तिने हात सोडला आणि समोर उभी राहून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मला ही जागा हवी होती. मिळाली," ती म्हणाली. "आता मला तू हवा आहेस. पण यात मुद्दाम काही पाडायचं नाही, काही लपवायचं नाही. जमणार असेल तर सांग. हो की नाही, तेवढंच."

या वेळी ओदेराने एकच शब्द वापरला.