ताणावर सोडलेली लेक

गोधडी काढायला म्हणून जयवंता बाबांच्या पेटीत वाकली, आणि धोतरांच्या घड्यांखालून तिचीच पत्रं तिच्या हाती आली…! परदेशी तिकिटांची, सगळीच्या सगळी, फोडलेली, वाचून वाचून विरलेली!

सहा वर्षं ती देशोदेशी टेनिस खेळत हिंडली होती. सौंसरच्या संत्र्याच्या बागेतली पोर बक्षिसांच्या स्पर्धांत उतरते, याचं कौतुक पार पांढुर्ण्यापर्यंत झालं होतं. हरली की ती रडत घरी लिहायची, जिंकली की हसत लिहायची, पुढच्या मुक्कामाचा पत्ता आवर्जून टाकायची. आणि घरून… एक ओळ नाही! शेवटी ऐन सत्ताविसाव्या वर्षी, खांदा गेला असं पेपरवाल्यांना सांगून ती त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात परतली. तेव्हा बाबा, भगवंतराव, म्हणाले होते, "पत्र? एकही नाही भेटलं, बेटा. टपालाचं काय खरं!" आणि ही भाबडी दोन वर्षं बिचाऱ्या पोस्टमनला शिव्या देत बसली होती.

पत्रं छातीशी धरून ती ओसरीवर आली. "बाबा, हे काय होय?"

भगवंतरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. आई, देवकाबाई, चुलीपासून धावत आली, पाहिलं मात्र, आणि नवऱ्यावरच उसळली. "म्या म्हटलं होतं जी, दोन ओळी तरी टाका पोरीले… ऐकलं नाही तुम्ही!"

"तुलेही माहीत होतं, माय…?" जयवंता आईकडे वळली.

"बागेले बहार पाहिजे तं पाणी तोडा लागते, बेटा," भगवंतराव खाली मान घालून म्हणाले. "ताण बसला का झाड फुलते. मी मायेनं दोन शब्द लिवले असते, तं तू खेळ टाकून पळून आली असती. म्हटलं, लेक तयार होऊन राहिली… बसू दे ताण!"

"बाग महिना-दीड महिना ताणावर सोडता तुम्ही! मले सहा वर्षं…?"

बागेच्या कामात ज्यांचा अंदाज उभ्या तालुक्यात कधी चुकला नाही, त्या भगवंतरावांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग हळूच पुटपुटले, "पण खांद्यानं घात केला ना तुह्या… नाही तं…"

"खांदा कधी दुखलाच नाही, बाबा!" ती किंचाळली. "कोणासाठी खेळू, तेच समजत नव्हतं मले!"

हा घाव मात्र वर्मी बसला. लेकीपुढे हात जोडून तो करारी माणूस हमसून हमसून रडला. जयवंताला वाटलं, रडू द्यावं… मी रडत होते तेव्हा कोण होतं? पण बापाचे जोडलेले हात तिला पाहवेनात. तिने ते खाली ओढले, आणि आत जाऊन बॅग भरली. नागपूरच्या एका क्लबात पोरींना शिकवायची नोकरी चालून आली होती. म्हाताऱ्या आईबापांना टाकून कसं जावं, म्हणून ती नाही म्हणणार होती.

नागपूरची बस सुटता सुटता भगवंतराव धापा टाकत स्टँडवर पोचले. "मी पत्र टाकीन, बेटा… दर आठवड्याले टाकीन. तू उत्तर… देशील?"

पायरीवरून ती वळली. राग उतरला नव्हता, पण डोळे काही ऐकेनात.

"देईन, बाबा. पहिल्याच पत्राले देईन."