जमिनीवरचे आरसे

जमिनीवरचे आरसे उचलायचे, त्या दुपारी एवढंच काम होतं.

बाबा आरसे कापायचे, कडा आई घासायची. पार्किन्सनने ते कमरेत असे वाकले की नजर कायमची फरशीवर. मग आईने खोल्याखोल्यांत जमिनीवर आरसे ठेवले. बोलणाऱ्याचं तोंड त्यांना त्यात दिसायचं. आई गेली, आरसे राहिले. काका म्हणायचा, नाटकं आहेत सगळी. वयाने मोठा म्हणून शहाणा, असं मी कधीच मानलं नाही.

पुढे डॉक्टरांनी बाबांच्या मणक्यात तारा बसवल्या, कमरेत कातडीखाली बॅटरी. रिमोट दाबला आणि बाबा उभे राहिले, सरळ. त्यांच्यासाठी मी कॉलेज सोडल्याचा सल त्या दिवशी गेला.

त्या दुपारी काका बघायला येणार होता. बाबा आधाराशिवाय उभे दिसले नाहीत, तर रवानगी वृद्धाश्रमात, असं त्याने बजावलं होतं.

बेल वाजली. बाबा खिडकीशी ताठ. मी रिमोट बघितला. बॅटरी पार रिकामी. चार्जिंगचा पट्टा बॅटरीवरून घसरलेला. सकाळभर मी बाबांचा सदरा चार्ज करत होतो.

मग बाबांना धरलंय कोणी?

काका सोफ्यावर बसला, पोक काढून, पाय पसरून. "उभा आहेस खरा. पण किती वेळ?"

खोलीत ओल्या काचेच्या भुकटीचा वास आला. आईच्या हातांना यायचा तो. मी शेवटचा आरसा उचलायला वाकलो. त्यात बाबांची पाठ दिसत होती... आणि पाठीवर टेकलेला एक हात. तर्जनीवर काच लागल्याची जुनी खूण. ओझं पेलताना थरथरतो तसा हात थरथरत होता.

बाबा हळूच म्हणाले, "पट्टा लाव रे... ती दमली."

लावला. नीट, जागेवर. रिमोटचा दिवा हिरवा होईपर्यंत आईचा हात हटला नाही. "थँक्यू, आई," मी आरशाला म्हणालो. आमच्या घरात हे कोणी कोणाला म्हणत नाही. हात अलगद निघाला.

तेवढ्यात काका दचकून ताठ झाला. "पाठीला काय लावलंस?"

मी तर त्याच्या समोर होतो.

वृद्धाश्रमाचं नाव त्याने परत काढलं नाही. पण त्याला अजून वाकता येत नाही. चपला काकू घालते. डॉक्टरांना मणक्यात काही सापडत नाही.

तो एक आरसा मी ठेवलाय. त्यात बाबांची पाठ मोकळी दिसते. आई परत आली नाही.

काकाकडेच असावी.