ओठांना बसेल असं वाक्य

स्टुडिओच्या जिन्याच्या वळणावर एक तरुण भिंतीला टेकून असा काही कण्हत होता, की तिच्या काळजात धस्सच झालं. तिने धावत जाऊन पाण्याची बाटली पुढे केली.

"काय होतंय तुम्हाला? कुणाला बोलावू का?"

त्याने डोळे उघडले... आणि गालातल्या गालात हसला.

"काही नाही हो. आज मला गोळी लागणार आहे. सराव चाललाय!"

तर अशी ही पहिली भेट. ती परदेशी मालिकेचे संवाद मराठीत लिहिणारी नवी लेखिका, आणि तो त्या मालिकेतल्या डॉक्टरला आवाज देणारा. सगळा स्टुडिओ त्यालाच डॉक्टर म्हणायचा.

पडद्यावरच्या डॉक्टरला एक भारी खोड होती. तोंड उघडलं की आधी इंग्रजीतलं 'वेल'! पेशंट बरा झाला तरी वेल, दगावला तरी वेल, बायको रुसली तरी वेलच. शब्द एक आणि भानगडी छप्पन! ती कुठे 'बरं' लिही, कुठे 'असो', कुठे 'वा!', तर कुठे 'आता काय बोलणार'. बरं, नुसता अर्थ जमून भागत नसे. पडद्यावरचे ओठ हलतील तेवढ्यातच मराठी बसवायचं. म्हणून तो समोर बसून म्हणून दाखवी आणि ती बघे. दिवसभर एखाद्याच्या ओठांकडे टक लावून बसायचं, तेही पगार घेऊन! अशा नोकरीत मुलगी प्रेमात पडली नसती तरच नवल.

"हे 'बरं' लाडाने म्हणू की चिडून?"

"बायकोशी बोलताय तुम्ही."

"मला अनुभव नाही हो."

"मलाही नाही," असं म्हणून तिने घाईघाईने पान उलटलं. कान मात्र लाल झाले होते.

बघता बघता शेवटचा भाग आला. त्याला दुसऱ्या शहरात रेडिओवर नोकरी लागली होती. आठवडाभरात तो जाणार होता. हसत त्याचं अभिनंदन करताना तिला मनातून रडू येत होतं. त्या दुपारी रेकॉर्डिंगवाले काका चहाला गेले, तसा तो दबकत तिच्या टेबलापाशी आला.

"एक वाक्य लिहून द्याल? मालिकेचं नाही... जायच्या आधी एका मुलीला मनातलं सांगायचंय. तिच्यासमोर माझं तोंडच उघडत नाही."

तिच्या मनात आलं, माझ्यासमोर तर हा दिवसभर बोलतो, म्हणजे मुलगी दुसरीच! पण कामात कुचराई करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने पेन उचललं आणि मनापासून लिहिलं: 'तू समोर नसलीस की मला माझाच आवाज परका वाटतो.'

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं... आणि कागद हळूच टेबलावर ठेवला.

"सुरेख आहे. पण हे तुमचं आहे. जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं बोलत आलोय मी."

"मग तुमचं तुम्ही म्हणा ना तिला!"

"म्हणू? बरं... म्हणजे बघ... तुम्ही... तू..." स्टुडिओतला सगळ्यात खणखणीत आवाज चक्क कापत होता. "तूच गं ती! मला... मला तू फार आवडतेस. तुझं काम इथे आहे, ते सोड असं नाही म्हणत मी. मीच येत जाईन, सुट्टी मिळाली की. येऊ ना? तुझ्या आईलाही भेटायचंय... चाललं तर..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना. इतका आनंद एकदम होतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"रविवारी ये," ती त्याचा थंडगार पडलेला हात हातात घेत म्हणाली. "आणि आईसमोरही अस्साच अडखळ. पाठ करून बोलणाऱ्यांवर तिचा मुळीच विश्वास नाही."