आलेखावरची पावलं

तिच्या आलेखावर रोज दुपारी कोणीतरी चालत होतं, आणि ती मात्र यंत्राला दोष देत होती.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती एकटीच काम करायची. धातू थकतो कसा, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. पातळ पट्टी यंत्रात आवळायची, तुटेपर्यंत ती हलवत ठेवायची आणि तिची थरथर पडद्यावर बघत बसायची. पट्टी तुटायला आठवडेच्या आठवडे लागत. पण यंत्र मधेच थांबलं किंवा तुटण्याचा क्षण स्वच्छ टिपला गेला नाही, की सगळं मुसळ केरात. म्हणून पट्टी शेवटाला आली की ती जागची हलत नसे, डबासुद्धा यंत्रासमोरच उघडायची.

मैत्रिणी केव्हाच नोकऱ्यांना लागून पांगल्या होत्या. दिवसभरात तिच्याशी बोलणारी एकच, आई. तीही फोनवर, आणि प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" ती "हो" म्हणायची, की संपलं बोलणं. मग उरलेला दिवस ती यंत्राशी बोलायची. यंत्र काही मनावर घेत नसे, एवढंच बरं.

तर त्या आलेखावर दुपारी बारीक उंचवटे उमटायचे... टक, टक, टक, मग जरा विश्रांती, पुन्हा टक, टक. तिने सेन्सर बदलला, वायर बदलली, यंत्राखाली रबर घातलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! एकदा सहज मान वर केली, तेव्हा छतातून पावलं ऐकू आली. अगदी त्याच तालात.

ती तरातरा जिना चढून गेली. वर्ग नुकताच सुटला होता. एक तरुण प्राध्यापक फळा पुसत होता, बाहीला कोपरापर्यंत खडू लागलेला.

"तुमच्या पायांबद्दल तक्रार घेऊन आलेय," ती म्हणाली.

त्याने आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय केलं त्यांनी?"

"माझ्या पट्टीत येऊन चालतात." तिने मोबाइलवरचा आलेख पुढे केला. "हे बघा. इथे तुम्ही फळ्याकडे गेलात. इथे वळलात. आणि इथे... बराच वेळ थांबलात."

"तिथे एका मुलीने प्रश्न विचारला होता," तो म्हणाला, "आणि मला उत्तर येत नव्हतं."

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं, तिलाच ठाऊक.

"मी शिकवतो काय, माहितेय? कंपनं," तो कानाची पाळी चोळत म्हणाला. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय! उद्यापासून बसून शिकवतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "पण खरं सांगू? या शहरात मी आहे, हे पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं."

दिलेला शब्द त्याने पाळला. आलेख कसा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ झाला. तिच्या मार्गदर्शक बाई खूश झाल्या. आणि ही? हिला दुपार खायला उठू लागली. जिन्यात भेटला की तो विचारायचा, "आज त्रास नाही ना झाला?" ती म्हणायची, "अजिबात नाही." झाला असता तर बरं झालं असतं, हे कसं सांगणार?

पट्टी शेवटाला आली, त्याच सुमारास तो एकदा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"उद्या समिती माझ्या वर्गात बसणार आहे. पसंत पडलो तर कायम करतील. नाहीतर सामान बांधायचं."

"मग उद्या चाला ना."

"तुमची पट्टी उद्या तुटेल म्हणालात." तो हसला, पण ओठांपुरतंच. "एक तास बसल्याने काय होतंय?"

काय होतंय, ते तिला माहीत होतं. बसला की त्याचा आवाजही बसायचा. मुलं पेंगायची, हे ती जिन्यात त्यांच्याच तोंडून ऐकून होती. तरी ती गप्प राहिली. कित्येक आठवड्यांचं काम होतं, मोह कुणाला सुटतो?

दुसऱ्या दिवशी पडद्यावर रेघ सरळ चालली होती. पट्टीची थरथर बदलली, म्हणजे आता केव्हाही तुटणार. आणि छतातून काही नाही, एक पाऊल नाही. आज तो असाच बसून राहिला, तर पुढे वर दुसरंच कोणी चालत असेल, हे तिला एकदम कळलं. तिने यंत्र बंद केलं.

वर्गात मागे समितीची तीन माणसं ताठ बसली होती. स्टुलावरचा आवाज पहिल्या दोन बाकांपलीकडे पोहोचत नव्हता. ती मागच्या दाराने आत आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

त्याने तिला पाहिलं. वाक्य अर्धंच राहिलं. ही इथे आहे, म्हणजे खाली यंत्र बंद आहे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो स्टुलावरून उठला. फळ्यापर्यंत गेला, वळला... आणि मग काय विचारता! पेंगणारी मुलं सावरून बसली.

तास संपायच्या आत ती खाली आली. सेन्सर चालूच होता. थोड्या वेळाने पडद्यावर उंचवटे उमटले. आधी बारीक, मग जिना उतरताना मोठे, मग दाराशी येऊन थांबले.

"का केलंत असं?" त्याने विचारलं.

"तुम्ही वर चालत नसलात, की मला इथे करमत नाही," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "पट्टी काय, दुसरी लावेन."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर जाल. पण माझ्यासाठी बसून राहिलात म्हणून नाही."

तो आत आला. बाजूचं स्टूल ओढून तिच्याजवळ बसला, इतक्या जवळ की त्याच्या बाहीचा खडू तिच्या बाहीला लागला. तिने झटकला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलीस का?"

"बसतोय, आई," ती म्हणाली. "दोघं आहोत."

दुसरं कोण, हे आईने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "डबा पुरेल का मग?"

"पुरेल," ती म्हणाली, आणि तिने डब्याचं झाकण उघडलं.