विसळ, पीळ, थांब

सकाळी ती कामावर आली तेव्हा तिच्या खुर्चीत एक परका माणूस बसला होता. तोही असा ऐसपैस, जणू खुर्ची त्याच्या आजोबांनी आणून ठेवली होती.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. उशीही तुमचीच ना? छान आहे." तो उठला, पण घाई न करता. "नवी यंत्रणा बसवायला आलोय. काम संपलं की जाणार. पाहुणाच समजा."

तिने तसंच समजायचं ठरवलं. पण पाहुण्याचे डोळे हसरे होते, आणि ते काही तिने ठरवलेलं नव्हतं.

तिचं काम जुन्या ध्वनिफितींमधली खरखर काढून आवाज स्वच्छ करायचं. ऑफिसात तिला सगळे कानसेन म्हणत. रोज ती संगणकाच्या काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ टाईप करायची. एक ठिपका चुकला की मशीन रुसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"ही आज्ञा आहे की मारुतीचं शेपूट?" पाहुण्याने मागून विचारलं.

"मग काय करू?"

"तिला नाव द्या. तुमचं स्वतःचं. अख्ख्या ओळीऐवजी एक शब्द लिहिला की मशीन बाकीचं समजून घेईल."

तिने जरा विचार केला आणि लिहिलं... विसळ.

"संगणक आहे की धुणं?"

"खरखर म्हणजे मळच की."

तो असा हसला की दुपारपर्यंत तिने आणखी दोन शब्द केले. मधल्या रिकाम्या शांत जागा कापणारा पीळ, आणि फाईल लहान करून ठेवणारा घडी. खरं सांगायचं तर घडीची काही गरज नव्हती. तिला ते हसू पुन्हा ऐकायचं होतं.

"एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "नुसतं खिडकीत सांगितलेलं मशीन खिडकी बंद होईपर्यंतच लक्षात ठेवतं. कायमचं हवं तर या फाईलीत लिहायचं."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखं."

"मी कधी काय विसरलो?"

"चहाचा कप. रोज माझ्या टेबलावर."

"तो विसरत नाही मी," तो म्हणाला, आणि एकदम तारा तपासायला टेबलाखाली वाकला.

दिवस भराभर गेले. काम संपत आलं, तशी तिची जेवणावरची वासना उडाली. घरी मावशीच्या नजरेतून काय सुटतंय? "सांगून टाक बाई," ताट पुढे सरकवत ती म्हणाली. "मूग गिळून पोट भरत नाही."

पण तोंडाने सांगायचं कसं? शेवटच्या दिवशी, तो साहेबांकडे गेला असताना, तिने एक नवा शब्द केला. थांब. तो लिहिला की पडद्यावर उमटणार होतं – जाऊ नका, मला करमणार नाही. तेवढ्यात पावलं वाजली आणि ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

जाण्याआधी सगळं एकदा बंद करून, पुन्हा चालू करून बघायची त्याची सवय. तिने वळून पाहिलं तोवर त्याने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं होतं.

"एक शब्द केलाय," ती कशीबशी म्हणाली. "चालतो का बघा... थांब."

त्याने लिहिलं. मशीनने कोरडेपणाने कळवलं की असा शब्द त्याला माहीत नाही.

"फाईलीत नाही लिहिलात?" त्याने हळूच विचारलं. "काय करणार होता तो?"

"काही नाही... असंच."

तो बॅग घेऊन दारात उगाचच जरा जास्त रेंगाळला. मग गेला.

त्यानंतर टेबलावर कप नसायचा. माईक तपासताना त्याने केलेली आवाजाची एक छोटी नोंद मशीनवर राहिली होती. मागे पंख्याची घरघर, आणि त्याचा आवाज – "ऐकू येतंय का?" तिने ती पुन्हा पुन्हा ऐकली. विसळ मात्र लिहिलं नाही. त्याच्याजवळ वाजणारा तो पंखासुद्धा तिला हवा होता.

एका संध्याकाळी फोन वाजला.

"ऐकू येतंय का?"

तिला क्षणभर वाटलं, नोंदच चालू राहिलीय. "येतंय," ती म्हणाली.

"इथे विसळ लिहिलं की मशीन म्हणतं, असा शब्दच नाही."

"माझा शब्द तो. तिथे कसा असेल?"

"माहीत आहे. तरी हात लिहितात. इथले लोक हसतात मला." तो थांबला. "तो थांब... काय करणार होता?"

मूग तयारच होते. तिला मावशी आठवली.

"पडद्यावर उमटणार होतं," ती म्हणाली, "जाऊ नका, मला करमणार नाही."

पलीकडे शांतता पसरली. रिकाम्या जागा कापण्यात हयात गेलेल्या तिला ही जागा कापावीशी वाटली नाही.

"आणि मी खिडकी बंद केली," तो अखेर म्हणाला. "मलाही करमत नाही गं. रविवारी येऊ?"

"ये."

"फाईलीत लिहिलंस?" त्याच्या आवाजात ते हसू होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुला सांगितलं."